भूगोलावर खापर फोडू नका, साहेब

मा. मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

चौदा महिन्यांपूर्वी आमच्या तालुक्याच्या सभेत आपण म्हणालात, "पुढच्या उन्हाळ्यात शिवारात पाणी." मागच्या आठवड्यात त्याच मैदानावर म्हणालात, "मराठवाड्याचा भूगोलच तसा, सरकार तरी काय करणार?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही. आदल्या रात्रीच माझा तिसरा बोअर कोरडा गेला होता.

त्याचंच आधी सांगतो. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून जागा धरली (हसू नका, तुमच्या तज्ज्ञांनी दाखवलेले आधीचे दोनही कोरडेच). बोअरची गाडी रात्री अकराला लागली. मुरूम संपला, काळा पाषाण लागला आणि करडी भुकटी उडायला लागली. कडब्यावर, म्हशीच्या पाठीवर, बायकोच्या केसांत. सातशे फुटांपर्यंत नुसती भुकटी. गाडीवाला फुटावर पैसे घेतो, ओलं-कोरडं बघत नाही. ती म्हैस आता दुसऱ्याच्या दावणीला आहे.

साहेब, आम्ही धाराशिव जिल्ह्यातल्या तेरजवळचे, गोरोबाकाकांच्या गावाशेजारचे. नांगरताना अजून जुनी खापरं वर येतात. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की तगरचं, म्हणजे आमच्या तेरचं, कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जायचं. तेर ते पैठण दहा दिवस, पैठण ते भडोच वीस. वाटा धड नव्हत्या, तेही लिहिलंय. सह्याद्री तेव्हाही पाऊस अडवूनच उभा होता, खाली पाषाणही हाच. तरी इथं बाजारपेठ वसली. आणि आज? दिवाळी झाली की आमच्या वस्तीतल्या निम्म्या घरांना कुलपं. मुकादमाची उचल घेतलेले कोयते ऊसतोडीला पश्चिमेकडे. पूर्वी इथून माल जायचा, आता माणसं जातात.

गाड्यांवरून आठवलं. नगर-बीड-परळी रेल्वेची मंजुरी १९९५ची, बीडला गाडी पोचली २०२५ला. बैल बरे होते.

२०१६ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. त्याच पट्ट्यात ऊस उभा. कमी पावसाच्या मुलखात कारखान्यांचे परवाने भूगोलानं वाटले का? जायकवाडीची पायाभरणी १९६५ची, धरण शंभर टीएमसीच्या आसपासचं. समन्यायी पाणीवाटपाचा कायदा २००५चा. तरी जायकवाडीच्या वरची धरणं भरलेली आणि खालचे लोक कोर्टाच्या पायरीवर. पाणी उतारानं वाहतं असं शाळेत शिकलो होतो. आपल्याकडे ते वजनाकडे वाहतं. सरकार कुणाचंही येवो, नकाशा तोच आणि कारणही तेच.

मागणी एकच. शिवारात पाणी कधी, ती तारीख सहीशिक्क्यानिशी लेखी द्या. भाषणात नको.

आपला,
तेरणाकाठचा एक शेतकरी

ता. क. सभेच्या सकाळी मैदानावर धूळ बसावी म्हणून टँकरनं पाणी मारलं होतं. तो टँकर आमच्या वस्तीच्या खेपेचा होता.