फुकट आहे, पण खुलं नाही

मा. संपादक साहेब, नमस्कार.

एआयमुळं शिक्षण गोरगरिबाच्या दारात येणार असं पेपरात रोज काही ना काही छापून यायलंय, म्हणून म्हणलं आपण पण चार ओळी लिहाव्या. माझं धारूरला झेरॉक्सचं दुकान आहे, मी काही मास्तर नाही, पण फॉर्म भरायला न प्रिंटा काढायला दिवसभर पोरं येतात त्यामुळं त्यांच्या मोबाईलात काय चाललंय ते आपोआप कळतं.

आमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला जातात हे तुम्हाला सांगायला नको. नववीची एक पोरगी मायबापासंगं कोल्हापूरकडं कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, होती. बाप रात्री फडातून आला की मोबाईल मोकळा, मग ही एका एआय ॲपला बोलून बोलून विज्ञान विचारायची. असंच पाच महिने. मला लई भारी वाटलं, कारण फुकट शिक्षण काय आजचं नाही, अमेरिकेतल्या एमआयटीनं 2001 लाच जाहीर केलं होतं की आमच्या कोर्सचं साहित्य सगळ्या जगाला इंटरनेटवर फुकट, मग आपल्या आयआयटीवाल्यांचं एनपीटेल नावाचं ऑनलाइन लेक्चरचं पोर्टल आलं, 2017 ला सरकारचं स्वयम नावाचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल आलं, पण ते बहुतेक कॉलेजच्या पोरांसाठी आणि बरंचसं इंग्रजीत, कोपीवरच्या पोरीला त्याचं काय? 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, त्यामागं बाकीचे आले, आणि मराठीत विचारलं की मराठीत उत्तर यायला लागलं.

पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, ती गावाकडं आली न वही घेऊन झेरॉक्सला आली. दुकानात एक सर बसले होते, त्यांनी सहज वही चाळली तर आत लिहिलेलं, आम्ल + क्षारक = लवण + पाणी. सर म्हणले अगं हे तर हिंदीचं पुस्तक झालं! आपल्या बालभारतीत ते आम्ल + आम्लारी = क्षार + पाणी असं आहे, म्हणजे त्यांचं क्षारक ते आपलं आम्लारी, आणि त्यांचं लवण तो आपला क्षार. आणि गंमत अशी की हिंदीत पण क्षार शब्द आहेच, पण पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला. पोरीनं क्षारक म्हणजे क्षारच असेल असं धरलं आणि अख्खा धडा उलटा पाठ केला. ॲपनं कुठंच अडखळून सांगितलं नाही की बाई मला नक्की माहीत नाही. हिंदी-मराठीची लिपी एकच, त्यात इंटरनेटवर मराठी मजकूर कमी, मग मशीन जे जवळचं सापडलं ते चिकटवणारच. शहरातल्या पोराची चूक ट्यूशनवाला पकडतो, फडात कोण पकडणार?

आता माझा मुद्दा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, चांगलंच आहे. पण आतलं पान बघा, सगळे हक्क मंडळाकडं, लेखी परवानगीशिवाय कुठलाही भाग उद्धृत करता येणार नाही. आणि तिकडं एमआयटीचं साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्स नावाच्या खुल्या परवान्याखाली, आमचं नाव द्या, धंदा करू नका, बदललं तर तुमचं पण तसंच खुलं ठेवा, बाकी भाषांतर करा नाहीतर काहीही करा. युनेस्कोनं 2019 ला अशा खुल्या साहित्याची शिफारस केली त्यात पण हेच, नुसतं बघायला नाही तर बदलायला आणि पुढं वाटायला मोकळीक. म्हणजे उद्या आमच्या बीडच्या एखाद्या इंजिनिअर पोरानं नववीच्या पुस्तकावरच चालणारं, आम्लारीला आम्लारीच म्हणणारं ॲप ऊसतोडीच्या लेकरांसाठी करायचं म्हणलं तर त्यानं आधी पुण्याला बालभारतीकडं अर्ज करायचा. कुणी म्हणेल क्लासवाले त्यावर पैसे कमावतील. अहो ते आत्ता काय वेगळं करायलेत? आणि धंदा नको ही अट घालता येते की, एमआयटीनं घातलीच आहे. निदान विज्ञान-गणिताची पुस्तकं न परिभाषेचे शब्द तरी मोकळे करा, एवढीच शासनाला विनंती, तुम्ही छापलं तर कुणाच्या तरी नजरेला पडेल.

त्या पोरीला सरांनी एक युक्ती सांगितली, आता ती आधी पुस्तकाच्या पानाचा फोटो टाकते आणि यातलेच शब्द वापरून सांग म्हणते. उत्तरं बरीच सुधारली. यंदा दहावी आहे, दसरा-दिवाळीनंतर टोळी निघायच्या आधी पुस्तकाची सगळी पानं मोबाईलात घ्यायला ती दुकानात बसून असते, कारण पुस्तकं कोपीत पावसानं भिजतात म्हणे.

आपला,
एक झेरॉक्सवाला, धारूर, जि. बीड