बाबांचा मोतीबिंदू आणि माझे मासे

आई, बाबा,

परवा फोनवर डोळ्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला तसं बाबा म्हणाले "दिसतंय की अजून, घाई काय आहे" आणि लगेच मलाच विचारलं, तुझे मासे काय म्हणतायत. बाबा, ही तुमची विषय बदलायची ट्रिक मला लहानपणापासून पाठ आहे. पण विचारलंच आहे तर सांगते, आणि पत्रात सांगते कारण फोन तुम्ही मधेच आईच्या हातात देता.

मासे मजेत आहेत, म्हणजे ज्यांच्यावर आम्ही खाद्याचे प्रयोग करतो ते सॅल्मन. या आठवड्यात आम्ही त्यांचे डोळे तपासले. खरंच, हसू नका. डोळ्यांच्या डॉक्टरकडे हनुवटी टेकवून बसायचं मशीन असतं ना, स्लिट लॅम्प, त्याचंच हातात धरायचं छोटं भावंड आमच्याकडे आहे. सॅल्मनला औषधाच्या पाण्यात टाकून गुंगी आणायची, खोलीत अंधार करायचा, डोळ्यात उजेडाची बारीक पट्टी सोडायची आणि आतलं भिंग किती पांढरं झालंय ते बघून प्रत्येक डोळ्याला ० ते ४ मार्क द्यायचे. इथे शून्य मिळवणारा पहिला नंबर. शेकडो मासे बघून झाले की माझेच डोळे चुरचुरतात ते वेगळं.

आता माशाला मोतीबिंदू कसा होतो, तर त्याची गोष्ट भारी आहे. पूर्वी सॅल्मनच्या खाद्यात ब्लड मील घालायचे, म्हणजे जनावरांच्या रक्ताची वाळवलेली पावडर. १९९० च्या दशकात युरोपात मॅड काऊची, म्हणजे गुरांच्या मेंदूच्या रोगाची, धास्ती बसली आणि ती पावडर खाद्यातून काढली. प्रोटीनचा आकडा दुसऱ्या मालाने भरून काढला, कागदावर सगळं जुळत होतं. आणि पाळलेल्या सॅल्मनमध्ये मोतीबिंदू भराभर वाढले. शोधता शोधता कळलं की रक्तात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, त्यापासून बनणारा एक पदार्थ माशाच्या भिंगातलं पाणी आणि क्षार यांचा तोल सांभाळतो. सॅल्मन लहानपणी गोड्या पाण्यात आणि मग खाऱ्यात जातो, त्यामुळे त्या दिवसांत या पदार्थाची गरज जास्तच.

मला यातलं सगळ्यात आवडतं (आवडतं म्हणजे झोप उडवतं) ते हे की अंगाने वाढायला जेवढं हिस्टिडिन लागतं त्यापेक्षा डोळे सांभाळायला जास्त लागतं. म्हणजे मासा छान वजन घेतो, वजनकाटा खूश, आणि डोळे हळूहळू जात असतात. सुरुवातीच्या माझ्या एका ट्रायलमध्ये वजनं बघून मी नाचायचीच बाकी होते, तेव्हा सर शांतपणे म्हणाले डोळे बघितलेस का. नव्हते बघितले. बघितल्यावर नाचणं राहिलं.

आई, तू मागे विचारलं होतंस की शेवटी मासे मारूनच माशांना घालता ना. बरोबर प्रश्न आहे, त्याच्यावरच तर आमची पोटं चालतात. १९९० मध्ये नॉर्वेतल्या सॅल्मनच्या खाद्यात सुमारे ९० टक्के माल समुद्रातला असायचा, फिशमील म्हणजे वाळवलेल्या माशांची पावडर, आणि माशाचं तेल, २०१३ पर्यंत तो ३० टक्क्यांच्या आसपास आला, बाकी जवळजवळ सगळं वनस्पतींचं. पण हा मुळात शिकारी मासा, त्याला सोयाबीन जास्त झालं तर आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते. त्यामुळे काहीही बदललं की आतडं बघा, डोळे बघा, हाडं बघा. नुसतं पोट भरणं म्हणजे जेवण नाही हे तूच म्हणायचीस, मी फक्त त्यावर पीएचडी केली.

तर बाबा. आता लगेच हिस्टिडिनच्या गोळ्या शोधायला बसू नका, तुमचा मोतीबिंदू वयाचा आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. आणि माझ्या माशांचंही असंच आहे की एकदा मोतीबिंदू पक्का झाला की मागून कितीही चांगलं खाद्य घाला, भिंग परत काचेसारखं होत नाही. त्यांना खाद्य नीट दिसत नाही, मग ते कमी खातात, मागे पडतात, आणि पिंजऱ्यातल्या हजारो माशांचं ऑपरेशन कोण करणार. तुमचं होऊ शकतं, तेही त्याच दिवशी घरी परत. तरी तुम्ही आईकडून पेपर वाचून घेताय आणि जिन्यात पायाने पायरी चाचपताय, आईने सगळं सांगितलंय मला, तिच्यावर चिडू नका.

पुढच्या महिन्यात आमची ट्रायल संपतेय, मग पंधरा दिवस सुट्टी टाकलीये. त्यात बसेल अशी तारीख डॉक्टरांकडून घ्या आणि आईला मेसेज करायला सांगा, तुम्ही करू नका, तुम्ही आकडे चुकवाल. मागच्या वेळी १३ चे १८ केले होतेत.

तुमची धाकटी