मनूला भेटायला जाण्याआधी

प्रिय दिन्या,

पाठ ठीक आहे, रक्तदाब गोळीच्या ताब्यात आहे. तब्येतीचं एवढं पुरे. काल फोनवर मी सांगत होतो आणि तू मध्येच ‘मी बघतो’ म्हणालास. तुझं ‘बघतो’ मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून लिहूनच देतो. शनिवारी जाताना खिशात ठेव. अप्पाची लेक मनू जिवाचं काही बरंवाईट करेल का, ही धास्ती मी दुसऱ्या कुणाला लिहिणार?

सगळ्यात आधी विचारायचं. ‘विचारलं की डोक्यात येतं’ हा तुझा जुना सिद्धांत, आणि त्यावरून गच्चीवर आपण अख्खी रात्र भांडलो होतो. अजूनही तू चूकच आहेस. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. असलाच तर बोलायला वाट मिळते. आडून नको, ‘तसलं काही मनात येतं का’ असंही नको. सरळ विचार: जीव द्यावासा वाटतो का? हो म्हणाली तर पुढचे प्रश्न: कसं करायचं ते ठरवलंय का, त्याचं साधन हाताशी आहे का, कधी ते ठरलंय का, आधी कधी प्रयत्न केला होता का. नुसता विचार येऊन जात असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरची वेळ घ्यायची. बेत आणि साधन दोन्ही असेल, तर त्या क्षणापासून तिला एकटं सोडायचं नाही आणि समुपदेशकाच्या वेळेचीही वाट पाहायची नाही. जवळच्या मोठ्या इस्पितळाची कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग, गाठायची, वाहन मिळत नसेल तर ११२. तिथे मानसोपचारतज्ज्ञ दारात उभा नसतो. ड्यूटीवरचा डॉक्टर आधी बघतो, मग त्यांना बोलावतो. खिडकीवर ‘टेन्शन आलंय’ म्हणालास तर झोपेची गोळी देऊन परत पाठवण्याची शक्यता फार. ‘जिवाला धोका आहे’ हेच शब्द वापर.

पोलिसांचं भय घालणारे भेटतीलच. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस, उलट सिद्ध होत नाही तोवर, तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, आणि त्यासाठी त्याच्यावर खटला नाही, शिक्षा नाही.

मुलींच्या वसतिगृहात तुला फाटकातच अडवतील, तुझं तोंड बघता ते योग्यच आहे. म्हणून आतलं काम तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचं. औषधांचा साठा मैत्रिणीने स्वतःकडे ठेवायचा आणि डॉक्टरलाही एका वेळी आठवड्यापुरत्याच गोळ्या लिहायला सांगायचं. अनावर लाट बहुधा थोड्या वेळाने ओसरते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं, यानेच जीव वाचतात.

रात्रीसाठी टेलिमानस, ही सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा: १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही. २०२२च्या ऑक्टोबरपासून चालू आहे. पण नंबर नुसता देऊन येऊ नकोस. भान हरपलेल्या माणसाला ‘भाषेसाठी अमुक दाबा’ हेही डोंगराएवढं होतं. दिवसाउजेडी, ती शांत असताना, शेजारी बसून एकदा लावून घे.

मग एक कागद, तिच्याच अक्षरात: बिघडायला लागलं की आधी काय जाणवतं, स्वतःपुरतं काय केलं की बरं वाटतं, कुठे किंवा कुणात जाऊन बसता येतं, कुणाला खरं सांगता येतं, कुठल्या डॉक्टरला आणि नंबरला फोन करायचा, खोलीतून काय हलवायचं. तू सुचवू नकोस. तुझ्या शब्दांतला कागद ती उघडणारही नाही.

कॉलेजच्या समुपदेशकाकडे बहुतेक वेळा यादी लांब असते. ‘तातडीची वेळ आहे का’ असं विचारलं तरच ती निघते. बोललेलं कुणाकुणापर्यंत जातं, हे पहिल्याच भेटीत विचारायचं. गुप्तता पाळतात, पण जिवाला धोका दिसला तर तोडतात, आणि तोडायलाच हवी. औषध समुपदेशक देत नाही, मानसोपचारतज्ज्ञ देतो. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि पंचविशीच्या आतल्या मुलांत सुरुवातीला क्वचित जीव द्यायचे विचार वाढतातही. म्हणून पहिले आठवडे डोळ्यात तेल घालून बघायचं. बेचैनी वाढली तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन. गोळी मनाने बंद करायची नाही.

परीक्षेसाठी कॉलेजात द्यायचा अर्ज वेगळा. हजेरी आणि फॉर्मची मुदत, यांचं ओझं उपचाराइतकंच खरं. दाखल्यावर आजाराचं नाव न घालता ‘वैद्यकीय कारणास्तव’ एवढंच लिहाल का, हे डॉक्टरला विचार. अर्ज लेखी, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. हे तुला जमतं, पंधरा पैशांच्या पावतीसाठीही भांडणारा तू.

एक मात्र लक्षात ठेव: ही दारं शोधणं मनूचं काम नाही. पहिलं दार बंद दिसलं की अशी पोर खोलीवर परतते आणि ‘बघितलं, काही होत नाही’ म्हणते. दुसऱ्या, तिसऱ्या दारापर्यंत तू सोबत जायचंस. आणि भाषण नको. तुझं ‘आमच्या वेळी’ सुरू झालं की अप्पासुद्धा उठून जायचा.

बदलीचं काय झालं? वहिनींच्या गुडघ्याला आराम आहे ना? धाकटा नोकरीला लागला हे परस्पर कळलं, लबाडा.

शनिवारी भेट झाली की फोन कर, कितीही वाजोत.

तुझा,
वसंता

ता. क. अप्पाला सांगायचं का, कसं आणि कुणी, हे मनूला विचारून ठरव. त्याचा राग तुला-मला माहीत आहे. पण बेत आणि साधन दोन्ही निघालं, तर तिच्या परवानगीसाठी थांबू नकोस.