वकीलपत्र

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर फ्रेंच राज्यक्रांतीबद्दल भरभरून बोललास आणि गिलोटिनपाशी, म्हणजे त्या मुंडकी छाटायच्या यंत्रापाशी, आल्यावर म्हणालास, "असल्या लोकांना वकील तरी कशाला द्यायचा?" तेव्हा बाबा जेवायला खोळंबले होते, म्हणून वाद घातला नाही. आता घालते.

क्रांती व्हायलाच हवी होती, त्यात दुमत नाही. 1788 ला पीक बुडालं. पुढच्या वर्षी पॅरिसच्या मजुराची निम्म्याहून जास्त कमाई नुसत्या पावावर जाऊ लागली, आणि सरदार-धर्मगुरूंना कर मात्र जवळजवळ माफ! ऑक्टोबर 1789 मध्ये बाजारातल्या बायका भर पावसात व्हर्सायला, राजाच्या महालावर, चालत गेल्या आणि राजाला पॅरिसला घेऊनच आल्या. त्यांचं वकीलपत्र मी फी न घेता घेतलं असतं.

पण डिसेंबर 1792 मधला सोळाव्या लुईचा खटला बघ. क्रांतीचा पुढारी रोबेस्पिअर आपल्याच पेशातला, आरासचा वकील. 1791 मध्ये देहदंडच रद्द करा म्हणून सभागृहात बोललेला. दीड वर्षाने तोच म्हणतो, राजावर खटला नकोच. खटला म्हटला की आरोपी निर्दोष सुटूही शकतो, आणि मग क्रांतीच गुन्हेगार ठरते. युक्तिवाद बिनतोड आहे. म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते.

तरी खटला झाला, आणि राजाच्या बचावासाठी मालझेर्ब आपणहून पुढे आला. वय 71, निवृत्त. दरबारी खुशमस्कऱ्या म्हणावं तर तसाही नाही. छापखान्यांवर देखरेखीचं सरकारी काम त्याच्याकडे होतं, तेव्हा दिदेरोच्या विश्वकोशाचे कागद जप्तीतून वाचवायला यानेच स्वतःच्या घरात दडवले होते. राजाला खडे बोल सुनवायलाही तो कचरला नव्हता. 21 जानेवारी 1793 ला राजा गेला. एप्रिल 1794 मध्ये मालझेर्ब, आणि त्याच दिवशी त्याची मुलगी, नात, नातजावई.

जून 1794 चा कायदा तर मुळातून वाच. आरोपीला वकील नाही. दोषी ठरला की शिक्षा एकच, मृत्यू. पुढच्या सात आठवड्यांत एकट्या पॅरिसमध्ये सुमारे 1,400 माणसं मारली. जुलैअखेर खुद्द रोबेस्पिअरलाच कायद्याबाहेर ठरवलं. न्यायाधिकरणात फक्त ओळख पटवली आणि नेलं.

एवढ्या लोकांना गिलोटिनकडे पाठवणारा सरकारी वकील फूकिए-तँव्हिल. त्याच्यावर मात्र 1795 मध्ये महिनाभराहून जास्त रीतसर खटला चालला, साक्षीदार तपासले गेले. मी फक्त हुकूम पाळले, हा त्याचा बचाव. शेवटी गिलोटिनच, पण ऐकून घेतल्यावर.

कसाबलाही आपण वकील दिला होता. तेव्हा बाररूममध्ये काय काय ऐकलं, ते तू आलास की सांगेन.

मूट कोर्टात, तुमच्या कॉलेजातल्या त्या सरावाच्या खटल्यात, या वेळी आरोपीची बाजू मागून घे. लाडू कुरिअरने पाठवलेत, मुंग्या लागायच्या आत खा.

तुझी,
आई