सड्याला ओसाड म्हणू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्ह्याच्या पानावर राजापूर तालुक्यातल्या आमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर, होणार असलेल्या वृक्षलागवडीची बातमी वाचली. लागवड करणारी मुलं उत्साही आहेत, मनाने चांगली आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मथळ्यातल्या एका शब्दाबद्दल. ‘ओसाड सडा हिरवागार होणार’ असं आपण छापलंत.

मी एस.टी.त ३१ वर्षं कंडक्टर होतो. या सड्यावरून किती फेऱ्या केल्या त्याचा हिशेब नाही. मुंबईहून आलेला एखादा पाहुणा विचारायचा, आता पुढे काय लागतं? मी सांगायचो, आता सडा, काही नाही, डुलकी काढा. म्हणजे आपल्या वार्ताहराने जो शब्द वापरला तो मीही आयुष्यभर वापरला. मे महिन्यात काळा तापलेला कातळ दिसायचा, आणि पावसात गाडीच्या काचाच धुक्याने भरलेल्या असायच्या. दिसणार काय?

निवृत्तीनंतर रविवारी फिरणाऱ्या एका गटात ओढला गेलो. गटाला नाव नाही, नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही. औषधाचं दुकान चालवणारे एक गृहस्थ, वनस्पतिशास्त्र शिकणारी एक मुलगी (हिचा पास मी ती पाचवीत असल्यापासून तपासत आलो), चिरेखाणीवर ट्रक चालवणारा एक जण, आणि धनगरवाड्यावरचे एक आजोबा. आजोबांना आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळतं आणि आमच्या वह्या बघून ते हसतात.

पहिल्याच फेरीत, पाऊस सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, त्या मुलीने मला गुडघ्यावर बसायला लावलं. कातळाच्या भेगेत दोन बोटं माती, आणि त्यात कांद्याच्या पातीसारखी अरुंद पानं. मधून एक दांडा, त्यावर पांढरीशुभ्र लांबट फुलं. दीपकाडी. शास्त्रीय नाव डिपकॅडी कोंकणेन्स, म्हणजे कोकणातली. नाव नुसतं शोभेचं नाही. ही वनस्पती मुख्यतः आपल्याच रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या जांभ्या सड्यांवर वाढते, पलीकडे गोव्यापर्यंत. खाली कांदा असतो. तो मेच्या उन्हात कातळाखाली झोपून राहतो, पहिल्या पावसात उठतो, फुलतो, आणि पावसाळा सरला की वर नाव-निशाणी राहत नाही. मी ३१ वर्षं जिच्या बाजूने गेलो तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी पॅन्ट चिखलाने भरली होती आणि घरी बोलणी खाल्ली ती वेगळीच.

नंतर कळत गेलं की सड्याचं एक पंचांगच आहे. दीपकाडी ओसरते तोवर पाणथळ जागी सीतेची आसवं येतात, निळीजांभळी, टिकलीएवढी. दिसायला बिचारी, पण मुळाशी बारीक पिशव्या, आणि त्या पिशव्या पाण्यातले सूक्ष्म किडे आत ओढून घेतात. शेजारीच दवबिंदू नावाची वनस्पती, पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब. एक डास त्यात अडकलेला मी दहा मिनिटं बघत बसलो होतो. इथल्या मातीत कस नाही, नत्र जवळजवळ नाही, म्हणून या झाडांनी मांसाहार धरला. म्हणजे जी जमीन आपण निकस म्हणून मोडीत काढतो, तिच्या निकसपणावरच यांचा संसार आहे. तिथे शेणखत घालून खड्डा भरला की तो मोडला. मग गेंदाची पांढरी बटणं, तेरडा, कवल्याची पिवळी फुलं, आणि शेवटी गवत, जे वाडीतली माणसं कापून गुरांना नेतात. सड्यावर मुरलेलं पाणीच खालच्या झऱ्यांना येतं, हे तर वाडीतल्या कोणत्याही बाईला विचारा.

आळंब्यांचंही सांगतो, कारण गटात माझा जीव जास्त तिथेच रमतो. एका पावसाळ्यात आमच्या शेजाऱ्यांनी अंगणातल्या हिरवळीवरची छान पांढरी छत्रीवाली आळंबी भाजी करून खाल्ली. लसूण टाकून पाहिला, काळा पडला नाही, म्हणून चांगली! रात्रभर उलट्या, पहाटे सलाईन. औषधवाल्या गृहस्थांनी उरलेल्यातली एक छत्री देठ कापून कोऱ्या कागदावर उपडी ठेवली, वर पेला झाकला. सकाळी कागदावर छत्रीतून गळलेल्या बीजाणूंचा, म्हणजे आळंबीच्या बारीक बियांसारख्या पुडीचा, चाकाच्या आऱ्यांसारखा ठसा उमटला होता, शेवाळी हिरवा. वारुळावरच्या आपल्या खाण्याच्या आळंबीचा ठसा फिकट गुलाबीसर येतो. लसूण, कांदा, चांदीचा चमचा, या साऱ्या परीक्षा फोल आहेत, हे मी आता एस.टी. स्टँडवर ओळखीच्यांना धरून धरून सांगतो. आणि ठसा चांगला आला तरी आम्ही कुणाला ‘खा’ म्हणत नाही. मोबाइलवर फोटो पाठवून विचारणाऱ्यांना तर उत्तरच देत नाही.

वारुळावरची आळंबी दर वर्षी त्याच जागी येते, हे आजोबांना पक्कं ठाऊक होतं, का येते ते मुलीने सांगितलं. खाली वाळवीच तिची शेती करते. पाचोळा, लाकूड चावून आणून वाळवी त्यावर ही बुरशी पोसते, आणि पावसात तीच लांब मूळ काढून वर येते. वारूळ फोडलं की दोघींचा कारभार आटोपला. हे सगळं ऐकून आजोबा म्हणाले, म्हणूनच तर आमच्यात वारुळाला कुदळ लावत नाहीत.

एक आठवण राहिली. नव्वदच्या दशकात मी वस्तीच्या गाडीवर होतो. गाडी रात्री देवराईला लागून असलेल्या देवळापाशी उभी राहायची. जुलै महिना, वीज गेलेली, पाऊस नुकताच थांबलेला. झाडीच्या कडेला पडलेल्या एका ओंडक्यावर मला हिरवट उजेड दिसला, घड्याळाच्या काट्यावर असतो तसा. ड्रायव्हर देशावरचा गडी. त्याने काच वर केली आणि उजाडेपर्यंत लघवीलाही उतरला नाही. मीही कुणाला बोललो नाही. गटाला सांगितलं तेव्हा पुढच्याच अमावास्येला सगळे तिथे गेलो. बॅटऱ्या बंद करून पाच-सात मिनिटं गप्प उभं राहिलं की डोळे सरावतात. होता, उजेड होता. कुजक्या लाकडावर वाढणारी बुरशी, भीमाशंकरच्या जंगलात ज्यासाठी हल्ली माणसं जातात त्यातलाच प्रकार. मी ओंडक्याला हात लावून पाहिला, गार होता. मुलीने वहीत तारीख, वेळ, लाकडाचा प्रकार लिहिला आणि जातीच्या रकान्यात प्रश्नचिन्ह काढलं. मला ते प्रश्नचिन्ह फार आवडलं. देवराईतली पडलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा आपल्याकडचा जुना दंडक आहे. अलीकडे स्वच्छतेच्या नावाखाली असे ओंडके गोळा करून जाळतात. बुरशीचं घर जळतं आणि फोटोत परिसर स्वच्छ दिसतो.

(घरात गोडा मसाला करतात त्यांनी बुरशीला नाकं मुरडू नयेत. त्यातलं दगडफूल हे बुरशी आणि शैवाल यांचं एकत्र कुटुंब आहे. आमच्या सौभाग्यवतींना हे सांगितल्यावर त्यांनी डबा उघडून दोन मिनिटं त्याच्याकडे पाहिलं आणि नेहमीइतकंच घातलं.)

मूळ मुद्दा. झाडं लावू नयेत असं माझं म्हणणं नाही. महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेचे वड, आंबे, पिंपळ किती गेले ते मी गाडीतून पाहिलंय. तिथे लावा. शाळेच्या कुंपणाला, ओढ्याकाठी, घरामागच्या परड्यात लावा. ऐन, किंजळ, उंडी, सातवीण, रातांबा, सुरंगी, हवी ती. पण सड्यावर जेसीबी लावून कातळ फोडायचा, बाहेरून माती आणून भरायची आणि त्यात गुलमोहर नाहीतर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावायची, हे कशासाठी? पूर्वी अशी बाभूळ लावलेला एक तुकडा आमच्याकडे आहे. तिच्याखाली पाल्याचा थर इतका जाड बसलाय की गुरं तिकडे फिरकत नाहीत. शेजारच्या कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. ती ज्या कातळावर आहेत तोच हा कातळ.

गेल्या रविवारी आम्ही लागवडीच्या जागेवर जाऊन आलो. खड्ड्यांसाठी तांबड्या ऑइलपेंटने फुल्या मारून ठेवल्या आहेत. आम्ही एकेक फुली पाहत गेलो. त्यांतल्या अकरा फुल्या फुललेल्या दीपकाडीवर किंवा तिच्यापासून हातभर अंतरावर आहेत. जागेची खूण मी इथे लिहीत नाही, कारण फुलं बघायला येणाऱ्यांची तुडवणूकही आम्ही भोगली आहे. लागवड करणाऱ्या मुलांना मात्र दाखवू. येत्या रविवारी सकाळी सात वाजता देवळाजवळच्या विनंती थांब्यावर आम्ही असू. आपल्या वार्ताहरांनीही यावं. पहिली गाडी पावणेसातला पोचते. पायात रबरी तळाचे बूट हवेत, शेवाळलेला कातळ फार घसरतो.

आपला,
एक निवृत्त एस.टी. कंडक्टर, ता. राजापूर