तेवीस दिवस काय बोललात, विचारतेस ना

सोलापूर
२१ जानेवारी

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू विचारलंस की २३ दिवस शिडाच्या बोटीवर तुम्ही दोघंच, चहूकडं नुसतं पाणी, बोललात तरी काय एवढं, तेव्हा मी विषय बदलला कारण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं गं. आज नळाचा दिवस नाही, हे बँकेत गेलेत, दुपार मोकळी आहे, म्हणून बसून लिहिते.

बोटीनं अटलांटिक ओलांडायचं यांच्या डोक्यात कधी शिरलं ते तुला माहितीय. नौदलातले दिलीप दोंदे २००९ ला मुंबईहून, गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीवरनं एकटे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि २०१० च्या मे महिन्यात परत आले, ती बातमी यांनी कापून कपाटाच्या दाराला आतनं चिकटवून ठेवली होती, अजून आहे. रिटायर झाल्यावर जुनी बोट घेतली, दोन वर्षं कॅनरी बेटांमधनं फिरून हात बसवला आणि ३ डिसेंबरला लास पाल्मासहून निघालो ते २६ तारखेला कॅरिबियनमधल्या सेंट लुसियाला. २७०० सागरी मैल, म्हणजे ५००० किलोमीटर. जून ते नोव्हेंबर तिकडं चक्रीवादळांचा हंगाम, तो सरला की ईशान्येचे व्यापारी वारे नीट धरतात आणि पाठीमागनं ढकलत नेतात. कोलंबस १४९२ ला याच बेटांवरनं याच वाऱ्यानं गेला, त्याला जमीन दिसायला ३६ दिवस लागले होते.

आमची बोट ३६ फुटी, वेग सायकलवाल्याइतका, फक्त ती रात्रीची पण थांबत नाही. रोज दुपारी बाराला हे नकाशावर पेन्सिलनं टिंब काढायचे आणि मी माझा हिशोब करायचे, आज सोलापुरातनं निघालो असतो तर यवतच्या आसपास आलो असतो, पुणं अजून पुढं. असं रोज एक सोलापूर-यवत.

पहिल्या तीन दिवसांचं विचारू नकोस. वारा मागनं असला की बोट पळते पण डावीकडं-उजवीकडं अशी झुलते की पोटात काही राहत नाही, शेगडीसुद्धा पाळण्यासारखी टांगलेली असते म्हणून बरं, नाहीतर कुकर अंगावर आला असता. चौथ्या दिवशी सकाळी एकदम भूक लागली, कडक भाकरी कुस्करली, वर शेंगाचटणी आणि तेल, आणि तिथनं पुढं त्रास म्हणून झाला नाही. बंदरावरनं घेतलेल्या पावाला सहाव्या दिवशी बुरशी आली, भाकरी शेवटपर्यंत तशीच कुरकुरीत. चादर मात्र नेऊ नये, आपली सोलापुरी चादर एकदा खारं पाणी प्यायली की वाळतच नाही, मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं.

आणि पाणी. टाकीत ३०० लिटर, वर बाटल्या. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटी एक तांब्या गोडं पाणी. बंदरातले बाकीचे बोटवाले सारखे पाण्याचंच बोलायचे, मला त्याचं काही वाटलं नाही, चार-चार पाच-पाच दिवसांनी नळ येतो तिथं दोन पोरं वाढवली मी, कुठलं पाणी पहिल्यांदा कशाला आणि मग कशाला हे हाताला माहितीच आहे. पोचलो तेव्हा टाकीत ८० लिटर शिल्लक होतं, ते यांनी सगळ्यांना सांगितलं.

सकाळी उजाडलं की सगळे दोर चाचपायचे हे माझं काम. समुद्रात दोर बहुतेक वेळा ओढ बसून तुटत नाही, एकाच जागी घासून घासून तुटतो. नवव्या दिवशी पुढच्या शिडाचा दोर काठीच्या तोंडातनं जातो तिथं बोटांना लव लागली, दिसायला काही नव्हतं, पण मला एकदम आमचे बाबा आठवले, मागावर बसले की न बघता नुसत्या बोटानं सांगायचे ताण्याचा कुठला धागा कच्चाय, तू पण बघितलंयस ते. दोर फिरवून बघितला तर आतनं अर्धा गेलेला. शीड गुंडाळलं, तेवढा तुकडा कापला, परत बांधला आणि घासतो त्या जागी पाण्याच्या पाइपचा तुकडा चढवला. त्याच रात्री ढगाबरोबर मोठा वारा आला, धो धो पाऊस, शीड अर्ध्यावर आणेपर्यंत हात थरथरत होते, पण तो दोर टिकला.

आता तू विचारलंस ते. बोलणं फार होतच नाही गं, एक जागा असला की दुसरा झोपलेला. चारच्या चहाला तेवढे दोघं समोरासमोर. रात्री चार-चार तासांच्या पाळ्या, आठ ते बारा हे, बारा ते चार मी, परत चार ते आठ हे. बारा ते चार मी मागून घेतली. तुला आठवतं, लग्नानंतर यांची परदेशी तिकिटाची पत्रं यायची, तू मुद्दाम वाचायला यायचीस, त्यात कायम तेच, “बारा ते चारची वॉच चालू आहे, तब्येत बरी आहे.” जहाजावर थर्ड इंजिनिअरची तीच पाळी, दुपारची पण आणि रात्रीची पण. मी गच्चीवर उभी राहून ध्रुव बघायचे आणि मनात धरायचे की तिकडं हे पण कठड्याला टेकून समुद्र बघत असतील, चांदणं पडलं असेल. ३४ वर्षांत एकदा पण विचारलं नाही.

तेराव्या दिवशी दुपारी टिंब काढलं आणि मी आकडा बघितला, १७ अंश ४० मिनिटं उत्तर. आपल्या सोलापूरचाच अक्षांश. म्हणजे आमच्यापासनं सरळ पूर्वेला जात राहिलं तर आख्खी आफ्रिका ओलांडून तू आणि मी शाळेत गेलो तो रस्ता. रात्री माझ्या पाळीत हात लांब करून मुठी मोजल्या, ध्रुव क्षितिजापासनं दोन मुठींना थोडा कमी, अगदी गच्चीवरनं दिसतो तेवढाच. अडीच वाजले होते, तिकडं तुमचे सकाळचे दहा. तेवढ्यात हे गजर नसताना उठून वर आले. मी ध्रुव दाखवला, आणि म्हणलं की तुम्ही पण जहाजावरनं रोज बघत असाल ना.

म्हणाले, इंजिन रूम पाण्याच्या पातळीच्या खाली असते, खिडकी नसते, गरमी पंचेचाळीसच्या वर, आवाजात शेजारच्याचं ऐकू येत नाही. चारला वर आलो की अंघोळ आणि झोप. रात्रीचा समुद्र असा मी कधी नीट बघितलाच नाही.

मग बराच वेळ गप्प. बोटीच्या मागं पाण्यात हिरवट उजेडाची रेघ पडत होती, पाणी ढवळलं की त्यातले बारीक जीव चमकतात तशी. यांनी बादली टाकून पाणी वर ओढलं आणि त्यात हात घातला, बोटांभोवती ठिणग्या, बाहेर काढला, परत घातला. किती वेळ तेच. ६४ वर्षांचा माणूस. मग माझा हात धरून त्यात घातला आणि विचारलं, “तू रोज यायचीस का गं गच्चीवर?”

म्हणलं, रोज नाही, धाकटा झोपला की.

झोपायची पाळी असून त्या रात्री हे खाली गेले नाहीत. आणि पुढच्या दहा रात्री रोज अडीचला वर यायचे, मी कितीदा म्हणलं झोप पुरी करा, ऐकलं नाही.

बाकी सांगण्यासारखं थोडंच आहे. २६ ला पहाटे डोंगर दिसायच्या आधी ओल्या मातीचा वास आला, बंदरात शिरताना पिवळा बावटा चढवला, कागदपत्रं होईपर्यंत तो ठेवावा लागतो. बोट तिकडंच ठेवून गड्ड्याची जत्रा चालू असतानाच घरी आलो.

रथसप्तमीला ये, राहायलाच ये. कडक भाकरीचं एक पाकीट उरलंय, तिकडं जाऊन परत आलंय, तुझ्यासाठी ठेवलंय. आणि रात्री उशिरापर्यंत जागायची तयारी ठेव, हे अजून बाराला उठून गच्चीवर जातात.

तुझी,
शालू