पाणी आधी बोटांत चोळून पाहणाऱ्या अण्णांस

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी नजरेला आता धोका नसल्याचे सांगितले, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवरच मला तुमची आठवण झाली. बेळगावच्या उद्यमबागेत आपली शेड शेजारी असूनही ओळख होती ती चहाच्या गाड्यावर मान हलवण्यापुरतीच.

त्या दिवशी आमच्या ब्लॅकनिंगच्या, म्हणजे लोखंडी जॉब (सुटे भाग) काळे करण्याच्या, बाथची पातळी उतरली होती. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा तो बाथ १४० अंशांच्या आसपास चालतो, म्हणजे पाणी पडताक्षणी त्याची वाफ व्हावी इतका तापलेला; म्हणून त्यात पाणी सोडायचे ते अगदी बारीक धारेने. "ऑर्डर अडली आहे, ओत लवकर," असे फर्मान निघाले, मी तांब्याभर पाणी एकदम ओतले आणि बाथ उसळून उजव्या डोळ्यात उडाला. गॉगल होते, पण कपाटात कुलूपबंद. ते फक्त तपासणीच्या दिवशी बाहेर येत.

ओरडा ऐकून तुम्ही धावत आलात, तेव्हा सुपरवायझर मला जॉब धुण्याच्या टाकीकडे ओढत होते आणि कोणीतरी लिंबू शोधत होते. तुम्ही टाकीतले पाणी अंगठा व बोट यांत चोळून पाहिलेत, "बुळबुळीत लागतंय, हे नको," म्हणालात आणि मला पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली नेलेत. जॉबबरोबर त्या टाकीतही कॉस्टिक उतरते, हे रोज तिच्यात हात घालणाऱ्या आम्हां कोणालाच त्या घाईत सुचले नाही. तुम्ही मात्र तेवढा क्षणभर थांबलात. अंथरुणावर पडल्या पडल्या मी त्या चोळलेल्या दोन बोटांचाच विचार करत असे.

मग पापणी उघडी धरून, घड्याळाकडे पाहत, तुम्ही पुरी वीस मिनिटे डोळ्यावर पाणी सोडलेत. मी "सोडा" म्हणून विनवत होतो, तुम्ही "कण्ण तेरी, कण्ण तेरी", डोळा उघड, म्हणत होतात. भाषेवरून आपल्याकडे काय काय होते ते आपण दोघेही जाणतो. मला त्या वेळी तुमची कन्नड अक्षरन्अक्षर कळत होती. कॉस्टिक ॲसिडपेक्षा खोल मुरते, तेव्हा डोळा वाचला तो त्या पाण्याने, असे डॉक्टर म्हणाले.

ज्यांची जबाबदारी होती, त्यांनी मला "निष्काळजीपणा" लिहिलेल्या कागदावर सही मागितली. तुमचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेल्याचे मात्र मला चहावाल्याकडून कळले. तुम्ही बोलला नाहीत.

येत्या रविवारी वहिनींना घेऊन येळ्ळूरला जेवायला यावे. आई वाट पाहत आहे.

आपला ऋणी,
शेजारच्या शेडमधला